कोळशाची पावलं

माझ्या हातून मेलेला पहिला प्राणी दहा-बारा ग्रॅमचा होता. डिसेंबरातली पहाट, सेलवासहून २० किलोमीटरवरचं खानवेल, आणि कळकाच्या बेटाशी मी लावलेला ॲल्युमिनियमचा शर्मन सापळा. दार उघडलं तर आत झाडउंदीर अंगाचं मुटकुळं करून गार पडलेला. सापळ्यात शेंगदाणे ठेवले होते, कापूस ठेवायचा राहिला होता. एवढ्याशा जिवाला थंडीत ऊब टिकवणं किती जड जातं, हे मी परीक्षेत लिहून आले होते.

सोबत आजा होता. जवळच्या पाड्यावरचा वारली, सत्तरीकडचा. वाटा दाखवायला मी त्याला रोजावर घेतलं होतं. तो रागावला नाही. उंदीर माझ्या हातून घेतला, पळसाच्या पानात ठेवला आणि बेटाच्या मुळाशी पुरला. परतताना एवढंच विचारलं, "बाय, तुला उंदीर पायजे, का तो इथं राहतो एवढं कळलं पायजे?"

मला फक्त कळायला हवं होतं.

या वाटेला मी डॉरमाउसच्या ओढीने लागले. आपल्याकडचा काटेरी डॉरमाउस पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, सदाहरित रानात, झाडांच्या ढोलीत राहतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५९ साली त्याचं वर्णन केलं. पाठीवर चपटे काटे, शेपटीला झुपका. मिरीच्या आणि ताडीच्या मडक्यांच्या नादाने तो माणसाजवळही येतो. नगर हवेलीत तो नाही. इथे त्याच्यासारखंच रात्रीचं, फांद्यांवरचं आयुष्य काढतो तो झाडउंदीर. २००० साली जाहीर झालेल्या इथल्या ९२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात लोक बिबट्याची चौकशी करतात. झाडउंदराबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि मला ते लागतं.

इंग्लंडात हेझल डॉरमाउस शोधताना त्याला पकडत नाहीत, हे मी वाचलं होतं. १९९३ साली तिथे हजारो लोकांनी जंगलात कुरतडलेले हेझलनट वेचले. डॉरमाउसने पाडलेल्या भोकाची कड गुळगुळीत असते, त्यावरून तो ओळखू येतो. फांदीला नळी बांधून आतल्या कागदावर त्याची पावलं उमटवून घेण्याचीही रीत आहे. हे मी आजाला सांगितलं तेव्हा तो कोयता घेऊन उठला.

हातभर लांबीचं कळकाचं नळकांडं त्याने तोडलं, आतले पडदे फोडले, कडा दगडावर घासून बोथट केल्या. चुलीतला कोळसा आजीने पाट्यावर वाटला आणि तेलात कालवला. माझ्याकडे रॉकेल होतं. आजाने बाटली हुंगली नि बाजूला ठेवली. पाय चाटणारा प्राणी आहे, म्हणाला. आत कागदाची पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना काजळी. नळी कुठे बांधायची तेही त्यानेच ठरवलं: जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, दोन बेटांच्या फांद्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे, कारण त्याला खाली उतरायला आवडत नाही.

हे सगळं त्याला शिकारीतून कळलेलं होतं. लहानपणी भूक लागली की त्याने भाताच्या बांधातली बिळं उकरली होती. ते त्याने माझ्यापासून लपवलं नाही, आणि मीही ते इथे गाळणार नाही.

चौथ्या दिवशी पट्टी काढली. माझ्या डोळ्यांना काळे ठिपके दिसत होते. आजाने पट्टी उजेडात धरली आणि करंगळीच्या टोकाने दाखवलं: कडेची बोटं बाहेर फाकलेली. झाडउंदराच्या पायाचं पहिलं आणि शेवटचं बोट फांदी पकडायला आडवं वळतं, त्यावर सपाट नख असतं. हे पुस्तकातलं वाक्य मी त्या सकाळी पहिल्यांदा वाचलं असं म्हणायला हरकत नाही.

वजन घ्यायचं, मादी गाभण आहे का पाहायचं तर सापळा आजही लावावा लागतो. तेव्हा कापूस, दाणे आणि रात्रीतून दोन फेऱ्या ठरलेल्या. पण तो असतो कुठे, एवढंच हवं असेल तर मी नळी बांधते. माझ्या अहवालात या पद्धतीखाली माझं नाव छापलं आहे. आजाला मी रोजाचे पैसे दिले होते.

तो गेला तेव्हा दिवसांना गेले. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची लग्नाची चित्रं होती, शेजारी शेणात चिकटवलेली ती पहिली पट्टी. आजीने मला भिंतीपाशी नेलं आणि कडेच्या बोटांवर बोट ठेवलं.