नांदायला धाडणारं कलम

बंगळुरूच्या कुटुंब न्यायालयात मी बावीस वर्षं वकिली करतोय. त्यातली पंधरा वर्षं हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खालचे अर्ज मी निर्धास्तपणे लिहिले. जोडीदार सबळ कारणाशिवाय वेगळा राहत असेल तर त्याने परत यावं, असा हुकूम या कलमाने मिळतो. बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याकडून हा अर्ज टाकायचा, ही नेहमीची चाल. मीही ती खेळलो. एक मुलगी आठवते. उलटतपासणीत तिने मलाच विचारलं, ‘‘मी परत गेले तर त्या घरात माझं काय होईल, ठाऊक आहे तुम्हाला?’’ मी पुढचा प्रश्न विचारला.

मनाला लागलं नाही, कारण लग्न टिकवणं हा आपला संस्कार आणि हे कलम त्याची राखण करतं, अशी माझी समजूत होती. ती बेळगावच्या घरातली. रखमाबाईंचा खटला आजोबा टिळकांच्या बाजूने सांगत : इंग्रज न्यायाधीशाने आमच्या धर्मात हात घातला.

सात वर्षांपूर्वी एका अर्जासाठी आधार शोधताना तो निकाल मी मुळातून वाचला. अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याकडे नांदायला कधीच न गेलेली रखमाबाई, आणि १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी लावलेला दावा. न्या. पिनी यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. निव्वळ दयेपोटी, असं मी धरून चाललो होतो. दया त्यात आहेच. पण त्यांचा मुद्दा असा की हिंदू धर्मशास्त्रात असा दावाच नाही. तो इंग्लंडातून आला आणि तिथेही एकत्र राहून वेगळ्या झालेल्या जोडप्यांपुरताच होता. तिथल्या चर्चच्या न्यायालयांतली ही रीत मी पंधरा वर्षं आपला संस्कार म्हणून मांडत होतो.

अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली; पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये काढून टाकला. आपण तो १९५५ च्या कायद्यात घेतला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाई गेल्या. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

सहकारी म्हणतात, आता कैद नाही, फार तर मालमत्तेवर जप्ती. वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर उलट घटस्फोटाची वाट मोकळी होते. हे खरं आहे. पण घटस्फोटच हवा असेल तर तो सरळ मागावा. त्यासाठी कुणा बाईला न्यायालयाकडून ‘नांदायला जा’ असं सांगवून घेऊ नये.

मी आता हा अर्ज लिहीत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाला मी उत्तर द्यायला हवं होतं. माझ्या वकील मित्रांना विनंती आहे, पुढचा अर्ज टाइप करायला देण्याआधी तो निकाल वाचा : इंडियन लॉ रिपोर्ट्स, मुंबई मालिका, खंड ९, पान ५२९.