आमच्या मागें दादाचें घर

प्रताप नगरांतील आमच्या गल्लींत दादाला न ओळखणारा मनुष्य विरळा. त्याचें वय 41 वर्षांचें आहे. रोज सकाळीं तो दूध आणावयास जातो, भेटेल त्याला हात जोडून नमस्कार करतो आणि एखाद्या वृद्ध शेजाऱ्याचें दोन दिवस दर्शन घडलें नाहीं तर थेट त्याच्या दारीं जाऊन चौकशी करतो. हिशेब मात्र त्याला येत नाहीं. दुकानदार त्याच्या मुठींतून पाहिजे तेवढे पैसे घेतो व उरलेले त्याच्या खिशांत घालतो. दादाची बुद्धि जन्मतःच मंद आहे. बालपणीं तो मतिमंद मुलांच्या शाळेंत जात असे. 18 वर्षें पूर्ण झालीं आणि शाळा संपली. लहान मुलाविषयीं लोकांच्या मनांत उपजणारा कळवळा त्याला दाढीमिशा फुटतांच कोठें नाहींसा होतो, हें कोडें मला अद्यापि उलगडलेलें नाहीं.

बाबा आतां 76 वर्षांचे झाले. "आमच्या मागें याचें कसें?" हा प्रश्न आमच्या घरांत जेवणाच्या पानावर बसतो आणि झोंपतांना उशाशीं असतो. "मी आहें ना," असें मी म्हणतें. त्यावर बाबा शांतपणें म्हणतात, "तूंही कांहीं अमर नाहींस."

शेजारचीं जुनीं घरें पाडून तेथें फ्लॅट-स्कीमा उभ्या राहिल्या आहेत. आमच्या प्लॉटसाठींही विचारणा झाली. एक फ्लॅट दादाच्या नांवें करावा, असें आप्तांनीं सुचविलें. पण रात्रीं गॅस बंद कोण करणार, आणि गोड बोलून कागदावर अंगठा मागणाऱ्यास दारांतच कोण अडविणार?

कायद्यानें या मंडळींचा विचार केलेला नाहीं, असें मात्र नाहीं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें जिल्ह्यांतील समितीकडून अशा प्रौढ व्यक्तीस पालक नेमून घेतां येतो. त्याच न्यासाची 'घरौंदा' नांवाची सामूहिक निवासाची योजनाही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 5 व्या कलमानें समाजांत राहण्याचा त्यांचा हक्क मान्य केला, आणि 37 व्या कलमांत गृहयोजनांत, तसेंच निवाऱ्यासाठीं सवलतीनें द्यावयाच्या जमिनींत, दिव्यांगांकरितां 5 टक्के राखीव ठेवण्यास सांगितलें. बाबांनीं तें सर्व वाचलें, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. जागा कोठें आहे, तेवढें यांत लिहिलेलें नाहीं."

ज्यांनीं जागेची वाट पाहिली नाहीं, असे लोकही आपल्या महाराष्ट्रांत आहेत. बदलापूरची 'आधार' संस्था पालकांनींच एकत्र येऊन उभारली. डोंबिवलीजवळ खोणी येथें अमेय पालक संघटनेचें 'घरकुल' आहे. आणि आपल्या विदर्भांत, अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें, शंकरबाबा पापळकर यांनीं अनाथ दिव्यांग मुलांना पिता म्हणून स्वतःचें नांव दिलें. 2024 सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांस 18 व्या वर्षानंतर संस्थेबाहेर काढूं नये, यासाठीं कायदा व्हावा, ही मागणी ते सतत करीत आले आहेत. या मंडळींपुढें माझें मस्तक नम्र होतें.

तरीही मनांतली एक गोष्ट लिहितें. शहरांत जमीन महाग, म्हणून अशीं घरें बहुधा गांवाबाहेर जातात; आणि दादाची सारी मिळकत तर या गल्लींतच आहे! बेल्जममधील घेल या गांवीं मनोरुग्णांना व मंदबुद्धींना सामान्य कुटुंबें आपल्या घरांत ठेवून घेतात. कित्येक शतकांची ही रीत आजही चालू असून कुटुंबांना त्यासाठीं मोबदला मिळतो. तेथें अशा पाहुण्याचें कोणालाच नवल वाटत नाहीं.

म्हणून आम्ही निराळा विचार मांडला आहे. प्लॉटवर जी इमारत होईल, तिचा तळमजला विकावयाचा नाहीं. तेथें दादासारखे पांच जण राहतील. दिवसा एक व रात्रीं एक असे दोन मदतनीस असतील. स्वयंपाक एकत्र होईल आणि खर्च पांच घरांत वांटला जाईल. एका घरास न पेलणारा मदतनीसाचा पगार पांच घरांना पेलतो, हेंच यांतील गणित. तीन कुटुंबें तयार झालीं आहेत. मात्र एका शेजारी गृहस्थांनीं, अत्यंत सभ्य शब्दांत, 'अशा' लोकांमुळें फ्लॅटच्या किमती उतरतील, अशी भीति बोलून दाखविली. दादाचा नमस्कार ते रोज घेतात!

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही गल्लींत असा एखादा दादा किंवा ताई असेल. त्याच्या घरीं जाऊन चार घटका बसा. त्याला तुमचें नांव पाठ होऊं द्या.

करारावर बाबांनीं अजून सही केलेली नाहीं. रात्रीच्या मदतनीसाची सोय व्हावयाची आहे आणि दोन कुटुंबेंही मिळावयाचीं आहेत. तळमजल्याच्या दाराला उंबरठा नको, एवढें मात्र त्यांनीं नकाशावर स्वतःच्या हातानें लिहून ठेवलें आहे. कारण येणाऱ्यांपैकीं एक जण चाकांच्या खुर्चीवर येणार आहे.