सौजन्याची धाव

‘सौजन्य’ म्हटलं की आपल्याला सरकारी कचेरीतला सप्ताह आठवतो. अमेरिकेतल्या शाळांच्या सॉफ्टबॉलमध्ये मात्र ते पळायला लावतं. पिचर किंवा कॅचर बेसवर पोचली, की तिच्याऐवजी बाकावरची एखादी मुलगी धावायला पाठवता येते. ती कोर्टसी रनर. कारण साधं आहे. बाजू बदलली की कॅचरला नडगीचे पॅड, छातीचं कवच, मुखवटा असं सगळं चढवायचं असतं. ती बेसवर अडकली तर बाकीचे खोळंबतात. म्हणजे सौजन्य तिच्याशी थोडं आणि घड्याळाशी फार.

तरुणपणी मी नाशिकला क्रिकेटचं गुणलेखन करायचो. त्या भांडवलावर, मुलाकडे गेलो की नातीच्या खेळाचं नियमपुस्तक माझ्यापुढे येतं. त्यातल्या एका अटीशी मी अडलो. क्रिकेटच्या नियमांत जखमी फलंदाजाचा रनर शक्यतो आधी फलंदाजी केलेला असावा, असं म्हटलंय. (आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तो रनर २०११ मध्ये हद्दपार झाला, ते वेगळं.) इथे नेमकं उलटं. जी त्या सामन्यात अजून उतरलेलीच नाही, तिलाच कोर्टसी रनर होता येतं. एकदा बॅट धरली किंवा क्षेत्ररक्षणाला उभी राहिली, की त्या सामन्यापुरती ती वाट बंद. नुसती धावली तर मात्र ती बदली खेळाडू धरली जात नाही. त्याच अर्ध्या डावात तिला बदली म्हणून घेता येत नाही, एवढंच.

नात संघात सगळ्यांत वेगवान. म्हणून प्रशिक्षक तिला जपून ठेवायचे. दर सामन्यात धावायची, कधी कधी धावही आणायची, आणि पुन्हा बाकावर.

“आजोबा, मग मी खेळले की नाही?”

लहानपणी आमच्यात कच्चं लिंबू असायचं. ते खेळायचं, पण बाद व्हायचं नाही. हिचं तसंही नव्हतं. ही बाद होऊ शकत होती, हिची धाव संघाच्या खात्यात जात होती, तरी पुस्तकाच्या हिशेबी ही अजून खेळात आलेली नव्हती. मी तिला नियम वाचून दाखवला. तो तिला कळला होताच.

ती स्वतःच प्रशिक्षकांशी बोलली. पुढच्या सामन्यात चौथ्या डावापासून तिला राइट फील्डला उभं केलं. बॅटिंग एकदाच आली. तीन स्ट्राइक, बाद. सातव्या, शेवटच्या डावात एका धावेची पिछाडी होती आणि कॅचर दुसऱ्या बेसवर. प्रशिक्षकांनी सवयीने हिच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या दुसऱ्या मुलीला पाठवलं. ती होम प्लेटपाशी दोन पावलं कमी पडली.

घरी येताना नात बराच वेळ गप्प होती. मग तिने स्कोअरबुक मागून घेतलं आणि आपल्या नावापुढच्या फलंदाजीच्या चौकोनातल्या ‘के’चा फोटो काढला.