अंडरस्कोर म्हणजे फक्त पाटी

नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एका कपड्याच्या कारखान्याचा बिलांचा प्रोग्राम सध्या मी सांभाळतो. पायथनमध्ये लिहिलेला, माझ्याआधी तीन जणांच्या हातून गेलेला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवर नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होता. आता २,५०० पर्यंत ५ आणि पुढे १८. आम्ही नवे दर टाकले, बिलं बरोबर निघाली.

बिघडलं ते परत आलेल्या मालाचं. ऑगस्टमध्ये विकलेला १,८०० रुपयांचा ड्रेस दिवाळीनंतर परत आला. मूळ बिलात कर २१६ रुपये, क्रेडिट नोटमध्ये निघाला ९०. हिशेब पाहणाऱ्या काकांचा फोन आला, "भाऊ, हे १२६ रुपये गेले कुठी?" एका ड्रेसचे एवढे, तर गठ्ठ्याचे किती! व्यापारी ऐकून घेणार थोडाच?

टॅक्स नावाच्या पॅकेजमध्ये दर सांगणारं फंक्शन होतं. ते बिलाची तारीख विचारतं. पण परतीच्या मालाच्या कोडने त्याला न विचारता थेट आतल्या _रेट्स मॉड्यूलमधून चालू दर उचलला होता. नावापुढचा अंडरस्कोर म्हणजे 'आतलं आहे, हात लावू नका'. ही पाटी आहे, कुलूप नाही. पायथन कुणालाच अडवत नाही. __ऑल__ची यादी लिहिली तरी ती फक्त तारांकित इम्पोर्टपुरती. हा भरवसा मला आवडतो, पण तो एकट्याच्या घरात चालतो. भाडेकरू बदलत राहिले की पाटी कोण वाचतं?

मालक म्हणाले, "तेवढी एक ओळ नीट करून द्या ना." ती त्याच दिवशी केली. पण तशीच ओळ उद्या दुसरीकडे लिहायला कुणाला पाच मिनिटं लागतील? म्हणून इम्पोर्ट-लिंटर बसवला. कोणत्या मॉड्यूलने कोणाला इम्पोर्ट करायचं नाही, हे एका फाइलमध्ये लिहायचं. लिंट-इम्पोर्ट्स ही कमांड सगळा कोड न चालवता वाचते आणि नियम मोडला की कोड पुढे जाऊ देत नाही. एक मेख आहे. बंदीचा नियम आडवळणाने आलेले इम्पोर्टही धरतो. बिलिंगने टॅक्सला विचारलं आणि टॅक्सने आपल्याच _रेट्सला, तर तोही गुन्हा! तिथे अप्रत्यक्ष इम्पोर्टला मुभा द्यावी लागते.

पहिल्याच फेरीत चौदा ठिकाणं सापडली. सगळी एकदम दुरुस्त करायला कारखाना थांबणार नव्हता. ती अपवादांच्या यादीत नावानिशी टाकली. गंमत म्हणजे इम्पोर्ट काढून टाकला आणि यादीतली ओळ तशीच ठेवली, तरी लिंटर कुरकुरतो. त्यामुळे यादी शिळी होत नाही. आज तिच्यात नऊ नावं आहेत.

एक जागा मात्र यादीतही नाही. तिथे मॉड्यूलचं नाव चालू प्रोग्राममध्ये जुळवून बोलावलंय; लिंटरला ते दिसतच नाही. ती मी हातानेच शोधली, या आठवड्यात तिच्यावरच बसलोय.