तलावाकाठची सायकल

आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दिल्ली गेटच्या अलीकडे एका जुन्या भिंतीला टेकून उभी केलेली पत्र्याची टपरी, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि भाड्याने द्यायच्या अकरा सायकली. तासाला आठ आणे. त्या अकरांतली एकही आम्हा भावंडांना नुसती फिरायला मिळाली नाही. मागितली की अब्बा पान्यावरची नजर न काढता विचारायचे, "सायकल कामकू चलानेकी चीज है. कुछ काम है क्या?" काम कधीच नसायचं. मग आम्ही पायीच तलावावर जायचो.

तलाव म्हणजे हिमायत बागेजवळचा खिजरी तालाब. म्हशी डुंबत असायच्या, पोरं गळ टाकून बसायची. पक्षी आम्हाला दोनच ठाऊक होते : लांब पायांचा तो बगला आणि पोहतो तो बतख. पुढे या तलावाला सगळे 'सलीम अली सरोवर' म्हणू लागले. आमच्या शहराला नावं बदलायची सवय जुनी आहे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर. त्यामुळे तलावाच्या नव्या नावाचं कुणाला नवल वाटलं नाही. प्रश्न एवढाच होता की हे सलीम अली कोण? आमच्या मोहल्ल्यात सलीम पाच होते आणि अली मोजता येत नव्हते. शेजारच्या खाला ठामपणे म्हणाल्या, "कोई बडे वली होंगे. पानी के कने मजार होंगा." मी दोन दिवस मजार शोधत फिरलो. माझ्या वयाला ते शोभलंही असावं.

खरे सलीम अली मला डी.एड.ला असताना ग्रंथालयात भेटले. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्म, सुलेमानी बोहरा घराणं. आईवडील लहानपणीच गेले, खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी हवेच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. आता असली चिमणी मुसलमानाला खायला चालते की नाही, अशी त्या पोराला शंका आली. ती घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पिवळ्या कंठाची चिमणी ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण त्या मुलापुढे उघडले. पुढचं आयुष्य त्यातच गेलं. हलाल-हरामच्या एका साध्या शंकेतून केवढं दार उघडलं! आमच्याकडे असली शंका कुणी काढली असती तर "चुप बैठ, फेक दे" एवढंच उत्तर मिळालं असतं.

याच सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. तेव्हा आपला मराठवाडा त्या संस्थानातच होता. म्हणजे तलावाला दिलेलं नाव अगदीच परक्याचं नव्हतं. पण हे मला कळलं आणि मी विसरलो. नोकरी, लग्न, घराचे हप्ते यांत तलाव राहून गेला. अठरा वर्षं मी त्याच्या बाजूने स्कूटरवरून शाळेत गेलो आणि नाकाला रुमाल लावण्यापलीकडे त्याची दखल घेतली नाही. शहराच्या सांडपाण्याने त्याची दशाही तशीच झाली होती.

मला पुन्हा तिथे नेलं ते माझ्या मुलीनं. ती आठवीत होती. शाळेत कुणी तरी पक्ष्यांवर बोलून गेलं आणि तिनं माझ्यामागे लकडा लावला. फजरची नमाज झाली की आम्ही दोन सायकली काढायचो. घरापासून तलाव दहा मिनिटं. थंडीत पाण्यावर धुकं असतं, आणि धुकं असलं की घाणही दिसत नाही. आम्ही काठाकाठाने, जिथून दिसेल तिथून बघायचो. झाडांवर पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. जलपर्णीवरून तोल सांभाळत चालणारी जांभळी पाणकोंबडी. डुबकी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. हळदी-कुंकू बदक तर मी जन्मभर 'बतख' म्हणून पाहिलेलं. चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, म्हणून हळदी-कुंकू. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे आठवीतली पोर शिकवत होती. तिच्या हातात सलीम अलींचं पुस्तक असायचं, आणि मराठी नावं अडली की शाळेच्या ग्रंथालयातला मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश'.

घरी अम्मीला हे पसंत नव्हतं. "जवान होती बेटी, सुभू सुभू सायकल पे," ती पुटपुटायची. मोहल्ल्यातूनही दोघातिघांनी 'काळजीपोटी' सांगून पाहिलं. मुलगी शाळेला सायकलवर जाते तेव्हा कुणी काही बोलत नव्हतं, कारण ते काम होतं. तलावावर जाणं हे काम नव्हतं. अब्बांचाच प्रश्न सगळे विचारत होते. एके दिवशी मुलीनं दादीला मोबाइलवर काठच्या गवतातला तुरेवाला पक्षी दाखवला. "दादी, ये हुदहुद." अम्मीनं चष्मा पुसला. सुलेमान अलैहिस्सलामकडे सबाच्या राणीची खबर घेऊन येणारा हुदहुद तिनं सत्तर वर्षं कुराणात वाचला होता. तो आपल्याच गावात गवतात चोच खुपसून किडे खातो, हे तिला ठाऊक नव्हतं. "ये सच्ची वोइच है?" तिनं तीनदा विचारलं. त्यानंतर सकाळी निघताना डब्यात दोन उकडलेली अंडी असायची.

एवढ्यावर मुलीचं भागेना. तिला नाथसागर बघायचा होता. माझं मन तयार होत नव्हतं. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ची, धरण पुरं झालं १९७६ मध्ये. शंभराहून अधिक गावांची जमीन त्या पाण्याखाली गेली. माझ्या नानीचं गाव त्यात होतं. घर, ईदगाह, नानाची कबर, सगळं. नानी त्यानंतर वीस वर्षं जगली, दर वर्षी पैठणला लग्नाकार्याला गेली, पण धरणाकडे तिनं कधी तोंड केलं नाही. बसमध्ये ती मुद्दाम दुसऱ्या बाजूची खिडकी धरायची. याच पाण्याला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर केलं गेलं. नानीला ते कुणी सांगितलं नाही, आणि सांगून तरी काय झालं असतं!

जानेवारीतल्या एका रविवारी मेहुण्याच्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही ढोरकीनपर्यंत गेलो आणि तिथून काठाकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो. नाथसागर पसरट आहे, खोल कमी. हिवाळ्यात पाणी मागे सरकू लागतं, तसा गाळ उघडा पडतो. उघड्या जमिनीत लोक गाळपेर करतात, आणि चिखलातले किडे, कोंब, शिंपले खायला पक्षी उतरतात. शेतकरी आणि पक्षी एकाच गाळावर जगतात म्हणा ना. सायकल लांब बाभळीला लावायची, सूर्य पाठीशी ठेवायचा आणि उकिडवं बसून राहायचं. उभा माणूस दिसला की थवा उठतो. बसलेल्या माणसाची त्यांना हळूहळू सवय होते.

मग दिसू लागलं. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले शेकडो पक्षी पाण्यावर दाटीनं चालले होते. "हे वारकरी," मुलगी म्हणाली. एकनाथांच्या पैठणला पाण्यातही वारकरीच असणार! पलीकडे केशरी चक्रवाकांची जोडी. आणि चिखलाच्या टोकाशी पट्टकदंब, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा हा हंस ढोरकीनच्या हरभऱ्यात चरत होता. मी दुर्बीण लावली आणि खरं सांगतो, नानीचं गाव विसरलो. थोड्या वेळानं आठवलं तेव्हा अपराध्यासारखं झालं.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. वर दोघं. पुढच्याच्या अंगात खाकी स्वेटर होता. "दुर्बीण कशाला? धरणाकडं काय बघताय?" मी म्हणालो, पक्षी. "नाव काय?" मी नाव सांगितलं. त्यानं मागच्याकडे पाहिलं. पुढचं विचारणं जरा निराळ्या आवाजात झालं. आधार कार्ड, गाव, मोहल्ला, फोनमधले फोटो. आपल्यातल्या वाचकांना तो आवाज समजावून सांगायला नको. मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, मी शिक्षक आहे. जिल्हा परिषदेचा. वीस वर्षं मराठी शिकवतो, साहेब." कुणी विचारलं नव्हतं.

मुलगी उठली आणि तिनं वही त्याच्यापुढे धरली. तारीख, वेळ, पक्ष्याचं नाव, संख्या. त्यानं दोन पानं उलटली. "एवढे हायेत इथं?" तिनं दुर्बीण दिली, कुठे बघायचं ते दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. "मायला, डोळा बी दिसतो की," तो मागच्याला म्हणाला. दुर्बीण परत दिली. पण खिशातली डायरी काढून त्यानं माझा नंबर लिहून घेतलाच, आणि धरणाच्या भिंतीकडे जायचं नाही असं दोनदा बजावलं. आम्हाला तिकडे जायचंच नव्हतं. पक्षी भिंतीवर नसतात.

परतताना मुलगी बरंच अंतर गप्प होती. चढावर सायकली हातात धरून चालताना म्हणाली, "पप्पा, तुम उनको इत्ते बार साहेब कायकू बोले?" मी म्हणालो, चेन उतरली वाटतं. खाली वाकून बघितलं. चेन जागेवर होती.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. अब्बा ओट्यावर बसले होते. आता दुकान नाही, डोळेही कमी झालेत, पण हात ओळखतात. चाकांवरचा गाळ त्यांनी बोटानं खरवडून पाहिला. "किधर की मिट्टी है?" मी नानीच्या गावाचं नाव घेतलं. ते काही बोलले नाहीत. फडकं मागवलं आणि दोन्ही सायकली पुसायला बसले, मला हात लावू दिला नाही.

रात्री मुलगी झोपल्यावर मी तिची वही उघडली. त्या दिवशीच्या पानावर तेवीस नोंदी होत्या. वारकरी, चक्रवाक, तलवार बदक, पट्टकदंब, शेकाट्या, टिटवी, धोबी. चोविसावी नोंद अशी : पहारेकरी, संख्या २. वेळ ९.१०. रंग खाकी. पंधरा मिनिटं थांबले. एकानं दुर्बिणीतून पाहिलं, दुसऱ्यानं नाही.