आज रोख, उद्या उधार

जुलै २०२५ मध्ये आम्ही उभयता डेट्रॉइटला चिरंजीवांच्या घरी पोचलो. दोनच दिवसांत आमच्या हिची खात्री झाली, की या घरात कुणाचं तरी लग्न ठरतंय आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय.

संशय यावा असंच बोलणं चाललं होतं. जेवताना चिरंजीव म्हणायचे, "मुलगा वीस वर्षांचा आहे. आत्ता एरीला असतो. नुकतीच बढती मिळालीय." त्यावर आमचा बारा वर्षांचा नातू तावातावानं म्हणायचा, "त्याला द्यायचं नाही!" मग चिरंजीव, "अरे, पण समोरच्यांच्या मागण्या पाहा. शिवाय एकतीस तारखेच्या आत सगळं ठरायला हवं."

तिसऱ्या दिवशी हिला राहवेना. हिनं सूनबाईला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच विचारलं, "अगं, मुलगी कुणाची?"

सूनबाई हातातलं लाटणं खाली ठेवून हसत सुटली. मुलगा म्हणजे केविन मॅकगोनिगल. त्याच्याच वयाचा दुसरा एक होता, मॅक्स क्लार्क. दोघेही डावखुरे फलंदाज, दोघेही डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचे आणि दोघेही अजून खालच्या साखळीत उमेदवारी करणारे. असल्या मुलांना इकडे 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. आपल्याकडे वधूपिता ज्याला "मुलगा होतकरू आहे" म्हणतो, तोच हा शब्द. म्हणजे आज हातात काही नाही, पण पुढे खूप होईल असं सगळे म्हणतात.

घरातला वाद असा होता, की हे होतकरू देऊन त्यांच्या बदल्यात एखादा पहिल्या प्रतीचा पिचर घ्यावा की नाही?

पिचर म्हणजे आपला गोलंदाज. त्यातला जो सामन्याची सुरुवात करतो तो स्टार्टिंग पिचर. संघात असे पाच जण असतात आणि ते पाळीपाळीनं टाकतात. एक दिवस काम आणि चार दिवस विश्रांती! मी सदतीस वर्षं सरकारी नोकरीत काढली, पण इतकं आदर्श वेळापत्रक आमच्या खात्यालासुद्धा जमलं नव्हतं. हंगामात १६२ सामने असतात. त्यातले तीसेकच एका पिचरच्या वाट्याला येतात आणि तेवढ्यासाठी त्याला जपतात ते जावयासारखं.

टायगर्सकडे टारिक स्कूबल नावाचा असा एक जावई होताच. २०२४ साली त्यानं उत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला होता. पण बाकीच्या पाळ्यांची पंचाईत होती. दोन तरुण पिचर, एक कोपर धरून आणि एक खांदा धरून, घरी बसले होते. जुलैच्या सुरुवातीला टायगर्स क्लीव्हलंडच्या साडेपंधरा सामने पुढे होते. मग घसरगुंडी सुरू झाली आणि सगळ्या गावाच्या तोंडी एकच विषय झाला. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या आत पिचर आणा!

"बाबा, तुम्हीच सांगा," चिरंजीव म्हणाले. "टायगर्सनी वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली १९८४ साली. स्कूबल काही जन्मभर इथे राहणार नाही. आज नाही तर केव्हा?"

"आजोबा," नातू म्हणाला, "मॅक्स क्लार्कची कार्ड माझ्याकडे आहे. तो मोठा झाला की माझी कार्ड पण मोठी होणार."

मी म्हणींचं गाठोडं सोडलं. पण आपल्या म्हणी म्हणजे वकिलासारख्या, ज्यानं आधी गाठलं त्याच्या बाजूनं उभ्या. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये" म्हटलं, तर बापलेक दोघांनीही ती म्हण एकदमच आपल्या खिशात घातली. नातवाच्या मते हातचं म्हणजे मॅक्स क्लार्क, चिरंजीवांच्या मते हातचं म्हणजे हे वर्ष. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी" चिरंजीवांना भयंकर आवडली. नातवाला मी "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" देऊन समेट घडवला.

म्हणींनी निकाल लागेना, म्हणून मी शेजारच्या आजोबांकडे गेलो. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर कायम टायगर्सची टोपी. मी नुसतं विचारलं, "पिचर घ्यावा का?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकच शब्द उच्चारला, "स्मोल्ट्झ."

गोष्ट १९८७ सालची. ऑगस्टमध्ये टायगर्स टोरांटोच्या दीड सामना मागे होते. पिचर हवा होता. १२ ऑगस्टला त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर नावाचा छत्तीस वर्षांचा अनुभवी पिचर घेतला आणि बदल्यात एक पोरगा दिला, जॉन स्मोल्ट्झ, वय वीस. हा पोरगा मिशिगनचाच, लॅन्सिंगला वाढलेला. त्या वर्षी खालच्या साखळीत त्यानं चार सामने जिंकले होते आणि दहा हरले होते. असल्या प्रगतिपुस्तकावर आमच्या वडिलांनी आम्हांला घरात घेतलं नसतं.

आणि अलेक्झांडर? तो अकरा सामन्यांत उतरला. त्यानं स्वतः नऊ जिंकले, एकही हरला नाही. नऊ डावांमागे त्यानं दिलेल्या धावांची सरासरी १.५३. शेवटच्या आठवड्यात टायगर्सनी टोरांटोला गाठलं आणि ४ ऑक्टोबरच्या रविवारी, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, १-० असा सामना मारून गट जिंकला.

"आणि पुढे?" मी विचारलं.

पुढे मिनेसोटानं टायगर्सना ४-१ असं घरी पाठवलं. अलेक्झांडर दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा हरला. १९८९ साली तर तो अठरा सामने हरला आणि निवृत्त झाला. इकडे स्मोल्ट्झनं अटलांटासाठी १९९५ ची वर्ल्ड सिरीज पाहिली, १९९६ चा साय यंग घेतला, कारकिर्दीत २१३ सामने जिंकले आणि २०१५ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये नेऊन बसवलं.

"म्हणजे फसलातच की तुम्ही," मी म्हटलं.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या रविवारी मी वडिलांना घेऊन मैदानावर गेलो होतो. लॅरी हर्न्डननं तो एकुलता एक होमरन मारला तेव्हा वडील उठून उभे राहिले. त्यांच्यानं उभं राहवत नव्हतं त्या दिवसांत. पुढचा हंगाम काही त्यांनी पाहिला नाही. स्मोल्ट्झ कोण हे त्यांना कधी कळलंच नाही. त्यांच्या वहीत तो सौदा अजून फायद्यातच आहे."

मी घरी परतलो, पण ती वही काही डोक्यातून जाईना.

कारण आमच्या वहीत सगळा जमाखर्च उलट्या बाजूला. आम्ही जन्मभर प्रॉस्पेक्टच जोपासली. लग्नात आलेला सहा कपांचा चिनी मातीचा सेट आजतागायत शोकेसमध्ये आहे. "कुणी मोठं आलं की काढू." एवढ्या वर्षांत आमच्याकडे कपाला शोभेल इतकं मोठं कुणी आलंच नाही. काश्मीरला जायचं लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरलं होतं. त्या पैशांची मुदत ठेव झाली. ती फिरून फिरून गुंतवली, तिचं चिरंजीवांचं इंजिनिअरिंग झालं, उरलेल्याचं अमेरिकेचं विमान झालं. आता काश्मीरला जायला पैसे आहेत, पण हिचे गुडघे जिना पाहिला तरी दुखतात. टायगर्सनी निदान स्मोल्ट्झ देऊन अकरा सामन्यांचा पिचर घेतला. आम्ही आमचं एकमेव प्रॉस्पेक्ट याच डेट्रॉइटला देऊन टाकलं, वर त्याचं तिकीटही काढलं, आणि बदल्यात कुणी मागितलं का विचारलंही नाही!

हे मी जेवताना बोलून दाखवलं. चिरंजीव ताटात पाहत राहिले. ही म्हणाली, "अहो, भात वाढू का?" आमच्या घरात विषय बदलायला भातासारखं साधन नाही.

विषय चिरंजीवांनीच सावरला. दुसरी बाजूही याच गावानं भोगलीय, म्हणाले. २०१७ साली टायगर्स तळाला होते. तेव्हा त्यांनी आपला लाडका पिचर जस्टिन व्हरलँडर ह्यूस्टनला दिला, ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री, मुदत संपता संपता. बदल्यात तीन होतकरू घेतले. व्हरलँडरनं सप्टेंबरात पाचच्या पाच सामने जिंकले आणि ह्यूस्टननं त्या वर्षी आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. तिघांतला ज्याचा सर्वांत गाजावाजा होता, तो एकोणीस वर्षांचा फ्रँकलिन पेरेझ, दुखापतींत अडकला. टायगर्ससाठी वरच्या साखळीत त्यानं एकही चेंडू टाकला नाही. जेक रॉजर्स तेवढा पुढे डेट्रॉइटचा यष्टिरक्षक झाला. म्हणजे स्मोल्ट्झ एकदाच निघतो. बाकीच्या वेळी पेरेझ निघतो. आणि दोघेही विसाव्या वर्षी दिसतात सारखेच.

एकतीस जुलैला आमच्या घरात मतमोजणीसारखं वातावरण होतं. संध्याकाळी निकाल लागला. मॅकगोनिगल आणि क्लार्क जागच्या जागी राहिले. नातवानं सोफ्यावर उडी मारली. पिचर मात्र आला होता, चार्ली मॉर्टन, वय वर्षं एकेचाळीस. "होतकरू नाही, पहिल्या प्रतीचाही नाही," चिरंजीव कपाळाला हात लावून म्हणाले, "हे तर पेन्शनर!" मला मात्र त्या गृहस्थाविषयी एकदम आपुलकी वाटली. सप्टेंबर संपायच्या आत त्याला नारळ दिला, तेव्हा मी दोन घास कमी जेवलो.

तोवर आम्ही पुण्याला परतलो होतो. साडेपंधरा सामन्यांची आघाडी टायगर्सनी क्लीव्हलंडला बहाल केली, मग त्याच क्लीव्हलंडला पुढच्या फेरीत हरवलं आणि सिअ‍ॅटलशी पाचव्या, निर्णायक सामन्यापर्यंत झुंज दिली. ११ ऑक्टोबरला शनिवारी सकाळी नातवाचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

"आजोबा, हरलो. पंधरा इनिंग्ज. ३-२."

"मोठा पिचर घ्यायला हवा होता का रे?"

"नाही आजोबा. स्कूबलनी तेरा जणांना आउट केला. पंधरा इनिंग्जमध्ये पिचरनी तीनच रन दिल्या. आपल्याला बॅटिंगच जमली नाही."

म्हणजे जुलैभर ज्याच्यावरून दोन पिढ्या भांडल्या, त्या शेवटच्या दिवशी नेमकी त्याचीच उणीव नव्हती. मी फोन ठेवला, शोकेसची किल्ली शोधली आणि सेट बाहेर काढला. चहा टाकायला सांगितला. ही दारात येऊन उभी राहिली.

"कोण येतंय?"

"कुणी नाही. आपणच."

हिनं कप उचलून, उलटा करून पाहिला, पदरानं पुसला. मला वाटलं, आता रागावणार. पण चार कप मोजून बाहेर ठेवले आणि दोन उचलून शोकेसमध्ये परत नेले.

"हे दोन राहू देत," ही म्हणाली. "नातसून येईल, तेव्हा लागतील."