चौदा फॉर्म

आमची उर्दू शाळा सकाळच्या सत्रात भरते. सव्वासातला दुआ, साडेबाराला सुट्टी. थंडीच्या दिवसांत या वेळापत्रकाला मी मनातल्या मनात पुष्कळ बोल लावलेत, पण त्याच्यामुळेच वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला संस्थेची परवानगी काढून विद्यापीठात मराठी एम.ए.ला प्रवेश घेता आला. शाळेत मी उर्दू शिकवते आणि मराठीही शिकवते. बी.ए., बी.एड. एवढ्यावर नोकरी निभत होती. पण उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणारी बाई स्वतः मराठीत एम.ए. नाही, हे मला कुठेतरी खुपायचं. म्हणून २०२२ साली नाव घातलं आणि दुपारी दीडचा तास गाठण्यासाठी डबा रिक्षात खाऊ लागले.

वर्गात सगळी बावीस-तेवीस वर्षांची मुलं. ती मला मॅडम म्हणायची. बाजी म्हणणारी एकच होती. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर एक मुलगी बाकावरून उठून उभी राहिली. पाचवी ते दहावी माझ्याच हाताखाली शिकलेली. मी म्हटलं, "बस गं, आता आपण एका वर्गातल्या." ती बसली, पण माझ्या शेजारी नाही. वर्षभर ती माझ्या मागच्याच बाकावर बसली.

हुशार मुलगी. दहावीनंतर कुटुंब गावी परत गेलं, तिथून तालुक्याच्या कॉलेजात तिने मराठी घेऊन बी.ए. केलं. आता ३८ किलोमीटरवरून एसटीने यायची. वाचायची भरपूर, वर्गात बोलायची नेमकं. तिचं घोडं अडायचं ते लिहिताना. उर्दू माध्यमातून आलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल, बाकीच्यांसाठी थोडं सांगते. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी म्हणून आमचं मूल लिहितं, 'पुस्तक चांगली आहे'. उर्दूत घर पुल्लिंगी, म्हणून 'घर मोठा आहे'. नपुंसकलिंग हा प्रकार घरात कुणाच्याच तोंडी नसतो, तो पाठच करावा लागतो. उर्दूच्या लिपीत ळ नाही, ण नाही. 'बाळ'चं 'बाल' होतं, 'पाणी'चं 'पानी'. मुलगी 'मी गेली' लिहिते, 'मी गेले' नाही. यात बुद्धीचा काही संबंध नाही. दुसऱ्या घरातून आलेल्या माणसाला जिन्याची पायरी अंधारात सापडत नाही, तसं आहे. पायरी कुठे आहे ते एकदा दाखवून दिलं की झालं.

पहिल्या अंतर्गत परीक्षेचा पेपर परत आला तेव्हा तिच्या पानावर लाल वर्तुळं होती आणि खाली शेरा होता, 'शुद्धलेखन सुधारा.' कसं सुधारा, कुणाकडे जाऊन सुधारा, ते नव्हतं. तिचा पेपर मी मागे वळून पाहिला होता. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मदतीला काय काय होतं ते सांगते. कागदावर पाहिलं तर काहीच कमी नव्हतं. उपचारात्मक वर्ग होता. ही योजना मुळात यूजीसीची. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी. नेट-सेट मार्गदर्शन होतं. वीस-वीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक होते. अभ्यासिका रात्री आठपर्यंत उघडी होती. समान संधी केंद्र होतं.

नेट-सेटचा वर्ग खरोखर चांगला चालायचा. रविवारी सकाळी दहाला एक तरुण प्राध्यापक यायचे, तासिका तत्त्वावर काम करणारे. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. त्यातल्या तर्काच्या आणि आकडेवारीच्या प्रश्नांना भाषेची मुलं घाबरतात. ते सर हे प्रश्न फळ्यावर असे सोडवायचे की मलाही वाटायला लागलं, आपण सेट द्यावी. नेटचा पहिला पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, आपल्या सेटचा मराठी-इंग्रजीत. कुणी कुठली आधी द्यावी हेसुद्धा ते एकेकाला विचारून सांगायचे. जे चांगलं होतं त्याला चांगलं म्हणायलाच हवं.

समान संधी केंद्राला मात्र बहुधा कुलूप असायचं. बाहेरच्या फलकावर शिष्यवृत्त्यांची यादी होती आणि त्यात मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप दुसऱ्या क्रमांकावर. अल्पसंख्याक समाजातल्या एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची ही फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केल्याचं सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. आम्ही तेव्हा पहिल्या सत्रात होतो. माझी विद्यार्थिनी एम.ए.नंतर पीएच.डी. करायचं म्हणायची आणि तिचा हिशेब त्या फेलोशिपवर होता. बातमी आली त्या दिवशी ती काही बोलली नाही. फलकावरची ओळ आम्ही एम.ए. होईपर्यंत तशीच होती.

उपचारात्मक वर्ग मी स्वतः दोनदा पाहिला. वेळ संध्याकाळी सव्वापाच ते सव्वासहा. शिकवणाऱ्या बाई तळमळीच्या होत्या, पण दिवसा झालेल्याच साहित्यशास्त्राच्या नोट्स पुन्हा सांगत होत्या. बी.एड.ला आम्हाला घोटून घेतलं होतं की आधी निदान, मग उपचार. आधी निदानात्मक चाचणी घ्या, मूल नेमकं कुठे अडतंय ते शोधा, मग तेवढंच शिकवा. इथे निदान प्रवर्गाच्या यादीवरून झालं होतं. नाव यादीत आहे म्हणजे कच्चं आहे. ज्याला अलंकार येतात पण इंग्रजी संदर्भग्रंथ वाचता येत नाहीत तो, आणि जिला सगळं कळतं पण 'ते घर' लिहिता येत नाही ती, दोघांना औषध एकच.

दुसऱ्या सत्रात तिचा एक पेपर राहिला. तिसऱ्या सत्राला ती आलीच नाही. मी फोन केला, लागला नाही. पुन्हा करू म्हटलं, आणि राहिला. शाळेची परीक्षा, घरची लगीनघाई, कारणं माझ्याकडे पुष्कळ होती.

मग नॅकची तयारी सुरू झाली. बंगळुरूच्या या परिषदेच्या तेव्हाच्या पद्धतीत सात निकष होते आणि त्यातला पाचवा होता विद्यार्थी साहाय्य व प्रगतीचा. नॅकचं स्वतःचं ऑनलाइन सर्वेक्षण वेगळं असतं. आमच्या विभागाला आपल्या फाईलसाठी सुविधांविषयीचे अभिप्राय हवे होते, प्रवेश घेतलेल्या सगळ्यांचे. वीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. 'उपचारात्मक वर्गाचा मला उपयोग झाला.' 'माझे पालक-शिक्षक माझ्या अडचणी समजून घेतात.' हजर असलेल्यांनी दहा मिनिटांत भरून दिले. चौदा कमी पडले. ऑफिसातला मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "मॅडम, उद्या फाईल द्यायचीय. तुमचं अक्षर छान आहे, तेवढे करून टाका ना."

मी करून टाकले.

शाळेत आम्ही असंच करतो, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. यू-डायस असो, वाचन चाचणीचे तक्ते असोत, वरून फोन आला की रकाने भरतात. हात सरावलेला आहे. सगळीकडे पाच टाकले तर खोटं दिसेल, म्हणून मध्ये मध्ये चार, दोन ठिकाणी तीन, एवढी अक्कलही चालवली. नवव्या फॉर्मवर तिचं नाव होतं. क्षणभर थांबले. आणि उपचारात्मक वर्गासमोर चारला गोल केला.

२०२४ च्या जूनमध्ये ती शाळेत आली, भाच्याचा पाचवीचा प्रवेश घ्यायला. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. मी विचारलं, काय झालं गं? आधी हसून टाळलं, मग सांगू लागली. तिच्या गावाला जाणारी शेवटची गाडी साडेपाचची, मुक्कामी. वर्ग सव्वापाचला. दोनदा ती पंधरा मिनिटं बसून पळाली. तिसऱ्या वेळी पूर्ण बसली तर भावाला मोटारसायकल घेऊन यावं लागलं, आणि घरी जे व्हायचं ते झालं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा तिला वाटलं, आता जमेल. तिकिटाचं जमलं, वेळेचं नाही. (एसटीने तिच्यासाठी विद्यापीठापेक्षा जास्त केलं, असं मी हे लिहिताना म्हणतेय, ती तसं म्हणाली नाही.) पालक-शिक्षकांच्या कार्डावर तिने तीनदा सह्या केल्या. सर चांगले होते, पण "काही अडचण?" हे ते वीस जणांना एकदम विचारायचे.

"फिर पेपर गया," ती म्हणाली. "मला वाटलं, मराठी आपलं काम नाही."

मी म्हटलं, हे कुणाला तरी सांगायचंस.

"बाजी, मेरेकू कौन पूछा?"

तिच्या नावाचा भरलेला फॉर्म माझ्या अक्षरात फाईलला लागलेला होता. मी तिला ते तेव्हा सांगितलं नाही. आठ दिवसांनी सांगितलं, फोनवर. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कितना दिए?" मी म्हटलं, चार. ती हसली, आणि ते हसणं मला अजून नीट कळलेलं नाही.

उरलेल्या तेरा जणांची नावं मला पाठ झाली होती. वर्गाच्या जुन्या ग्रुपवरून नंबर काढले आणि सुट्टीत एकेकाला फोन लावला. आठ जणांनी उचलला. एक पोलीस भरतीच्या तयारीला गेलेला, एक पुण्यात मेसमध्ये काम करत एमपीएससी करणारा, एकीचं लग्न, एकाच्या वडिलांचा अपघात. दोघं रात्रपाळी करायचे आणि दुपारी वर्गात झोपायचे. पाच जणांना उपचारात्मक वर्ग आपल्यासाठी आहे हेच माहीत नव्हतं, ज्यांना माहीत होतं त्यातल्या एकाने सांगितलं, "मॅडम, त्या वर्गात बसलं की बाकीच्यांना कळतं आपण कोण ते." कुणीही शिक्षकांना नावं ठेवली नाहीत. आणि त्यांच्यातल्या कुणाचंही उत्तर त्या फॉर्मवर मावलं नसतं, कारण एक ते पाच हे आकडे वर्गात आलेल्यासाठी होते. आलोच नाही आणि का आलो नाही, यासाठी रकाना नव्हता. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांत मुस्लिम साधारण ४.६ टक्के निघाले, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येत १४.२ टक्के. हे आकडे आपण भाषणांत पुष्कळ ऐकतो. जे येऊन परत गेले, ते कशाने गेले, याचा कागद मला कुठल्या फाईलमध्ये दिसला नाही. माझ्याकडे होता तो मीच खोटा भरला होता.

जुलैत एका पानावर सगळं लिहून विभागप्रमुखांकडे गेले. चौदा फॉर्म माझ्या हातचे आहेत, हेही लिहिलं. सर वाईट नाहीत. विभागात सहा पदं मंजूर, भरलेली दोन, त्यातले एक ते. पान दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, हे खरं आहे. पण हे फाईलला कसं लावू?" मी म्हटलं, लावू नका सर, वर्गाची वेळ बदला. आणि पहिल्या आठवड्यात एक चाचणी घ्या, अर्ध्या तासाची, सगळ्यांची, यादीतल्यांचीच नाही. चाचणी मी काढून देते. फॉर्मचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, ते तर कधीच वर गेलं.

वर्ग आता दुपारी साडेबाराला असतो. पहिल्या आठवड्यात कुणीच आलं नाही, कारण सूचना त्या जुन्या फलकावर लावली होती, कुलूपबंद केंद्राच्या बाहेर. मग ग्रुपवर टाकली, तेव्हा सात जण आले. चाचणीत नपुंसकलिंगावर चुकणारी तीन मुलं निघाली आणि त्यातला एकच उर्दू माध्यमाचा होता. दुसरा पावरा बोलणारा, तिसरी कन्नड घरातली. हे माझ्याही डोक्यात नव्हतं.

तिच्यासाठी पुनर्प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवलाय. २०२३-२४ पासून नव्या धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलला, त्यामुळे समकक्षतेचा अर्जही जोडावा लागेल. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. अब्बांना विचारा म्हणते. रविवारी शाळा सुटलेली असते, दुपारी जाऊन संध्याकाळी परत येऊ असा माझा बेत होता. स्टँडवर चौकशी केली तर कळलं, तिच्या गावाहून संध्याकाळी इकडे यायला गाडीच नाही. मुक्कामी गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघते. म्हणजे सकाळच्या गाडीने जाऊन दुपारच्या आत परतायला हवं.